बाळंतिणीचं वजन: सव्वा महिना आणि त्यापुढचे दिवस

जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यात एखाद्या घरी बाळंतीण आली की तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, पिशवी घेऊन दारात येते. पिशवीतून झोळीचा काटा निघतो. बाळाला झोळीत घालून अलगद उचललं जातं आणि सगळं घर श्वास धरून आकड्याकडे बघतं. दोन किलो सातशे. सातव्या दिवशी पुन्हा काटा, मग चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर अशा सहा भेटी होतात. ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातच तयार झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि २०११पासून देशभरच्या आशा तेच काम करू लागल्या.

या सहा भेटींत बाळ सहा वेळा काट्यावर चढतं. बाजेवर बसलेली त्याची आई बहुतेक घरांत एकदाही चढत नाही.

म्हणून हा लेख आईच्या वजनासाठी आहे. बाळंतपणानंतर ते कसं उतरतं, अंगावर पाजण्याचा त्यात वाटा किती, आणि गाडी कुठे अडते, ते आपण दिवसांच्या क्रमाने पाहू. आपण स्वतः बाळंतीण असाल, तिची आई किंवा सासू असाल, नवरा असाल, तरी हे कामाचं आहे, कारण बाळंतिणीच्या ताटात काय पडतं हे क्वचितच ती एकटी ठरवते.

सुरुवात बाळंतपणाच्या आधीच्या एका आकड्यापासून होते: दिवस राहिले तेव्हाचं वजन. माता व बाल संरक्षण कार्डावर, म्हणजे आरोग्य केंद्रात नाव नोंदवल्यावर मिळणाऱ्या कार्डावर, दर तपासणीचं वजन लिहिलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांतला आकडा असेल तर उत्तमच. नाव उशिरा नोंदवलं असेल तर पहिला आकडा चौथ्या-पाचव्या महिन्याचा असतो आणि तोवर एक-दोन किलो वाढून गेलेले असतात, एवढं लक्षात ठेवावं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि कार्ड कधीकधी सासरच्या कपाटात राहतं. माहेरी जाताना ते पिशवीत सगळ्यात आधी ठेवावं.

नऊ महिन्यांत वजन किती वाढावं? आधी वजन बेताचं असणाऱ्या बाईचं साधारण दहा ते बारा किलो वाढलं तर चांगलं. आधीच बारीक असेल तिचं याहून जास्त वाढायला हवं, स्थूल असेल तिचं कमी चालतं. खेड्यापाड्यात पुष्कळ बायकांचं सात-आठ किलोंवरच थांबतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा मोठा अभ्यास केला होता. त्यातल्या बायकांचं दिवस राहण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्याही थोडं खालीच होतं. शेतात राबणाऱ्या बाईच्या अंगावर उतरवण्यासारखं फारसं काही नसतं, हे त्या एका आकड्यावरून कळतं.

आता बाळंतपणाचा दिवस. बाळ पावणेतीन-तीन किलोंचं, वार अर्धा किलोच्या आसपास, गर्भजल पाऊण किलो आणि थोडं रक्त, असे मिळून पाचेक किलो त्याच दिवशी कमी होतात. पोट मात्र पाचव्या-सहाव्या महिन्यासारखं दिसत राहतं, आणि इथेच बाळंतिणीची पहिली घाबरगुंडी उडते. ते पोट चरबीचं नसतं. गर्भाशय, म्हणजे बाळाची पिशवी, अजून मोठी असते. त्या दिवशी ती किलोभराची असते आणि सहा आठवड्यांत आकसत साठ-सत्तर ग्रॅमवर येते.

ती आकसण्याच्या कामी पाजणं लगेच उपयोगी पडतं. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. संप्रेरक म्हणजे रक्तातून निरोप नेणारं द्रव्य. त्याचा एक निरोप छातीला, की दूध सोड, आणि दुसरा पिशवीला, की आकस. म्हणून पाजताना ओटीपोटात कळ येते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला ती जास्त जाणवते. ‘पाजलं की पोट दुखतं, राहू दे थोडा वेळ’ असं म्हणून बाळाला बाजूला ठेवू नये. ती कळ येते म्हणजे पिशवी जागेवर चालली आहे आणि रक्तस्राव आवरतो आहे.

जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी धरावं. महाराष्ट्रातल्या निम्म्यांहून थोड्याच अधिक बाळांना आईचं दूध तासाभरात मिळतं, असं २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो पिळून टाकू नये आणि त्याआधी मध, गुळाचं पाणी किंवा गुटी चाटवू नये. चीक थोडासाच असतो, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं.

पहिल्या दोन आठवड्यांत आणखी दोन-तीन किलो जातात. हे गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी असतं. रात्री घामाने गादी भिजते, लघवी वारंवार होते, आणि घरच्यांना वाटतं हिला थंडी भरली, हिला गार बाधलं. ताप नसेल तर घाबरायचं कारण नाही. याच दिवसांत पायांवर सूजही असते, ती सिझर झालेल्या बाईला सलाइनमुळे जास्तच दिसते आणि आठवड्या-दीड आठवड्यात उतरते.

मात्र सूज वाढत चालली, डोकं फार दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. हा धोका बाळंतपणानंतरही काही दिवस राहतो. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखते आहे, गरम लागते आहे, तर शिरेत रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी. दोन्ही वेळा ‘उद्या बघू’ म्हणू नये. केदारखेड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तिथून गरज पडली तर भोकरदनचं ग्रामीण रुग्णालय किंवा जालन्याचं स्त्री रुग्णालय आहे, आणि न्यायला १०२ क्रमांकाची गाडी आहे.

याच पंधरवड्यात बाळंतिणीचं पाणी तोडलं जातं. ‘पाणी प्यालीस तर पोट सुटेल.’ मी हे वाक्य इतक्या घरांत ऐकलं आहे, की त्यावर थोडं थांबून लिहितो. पाण्यात उष्मांक नसतात. उष्मांक म्हणजे अन्नातली ताकद मोजायचं माप, ज्याला आपण कॅलरी म्हणतो. ज्यात तेच नाही त्याची चरबी बनूच शकत नाही. दुधात मात्र शंभर भागांत सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, शेगडीशेजारी पडलेल्या बाळंतिणीला दिवसाला दोन पेले पाणी दिलं तर तिचं तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, लघवीला जळजळ होते. पाजायला बसताना उशाशी भरलेला तांब्या असावा आणि तहान लागेल तेवढं तिने प्यावं. बळेबळे तांब्यावर तांबे प्यायल्याने दूध वाढत नाही, तेही करू नये.

पोट बांधण्याचंही तसंच. मऊ कापडाने आधारापुरतं बांधलं तर कंबरेला बरं वाटतं. करकचून बांधल्याने चरबी जात नाही की पिशवी लवकर आकसत नाही. खालच्या अंगावर भार मात्र येतो, आणि सिझरच्या टाक्यांना त्रास होतो.

आता दुधाचा हिशेब, कारण सगळं गणित त्यावर उभं आहे. पहिल्या दिवशी दूध चमच्यांनी मोजावं एवढं असतं. आठवड्याभरात अर्ध्या लिटरच्या घरात जातं. महिन्याभराने आणि पुढे सहाव्या महिन्यापर्यंत, बाळ फक्त अंगावर असेल तर, आई दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध देते. ते बनवायला तिच्या शरीराचे रोज साडेसहाशेच्या पुढे उष्मांक खर्च होतात. दिवसभर कापूस वेचण्याइतकं ते काम नसेल, पण ते रात्रीही थांबत नाही.

हे उष्मांक येतात कुठून? थोडे अंगातून. गरोदरपणात मांड्या, कंबर, पाठ इथे तीनेक किलो चरबी साठते ती याचसाठी. बाकीचे ताटातून यायला हवेत. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी असं धरलं आहे, की अंगाने धडधाकट असलेल्या बाईच्या साठ्यातून रोज सुमारे १७० उष्मांक निघतात आणि तिचं वजन महिन्याला पाऊण किलोच्या आसपास उतरतं. जिचा साठाच नाही तिचं महिन्याला जेमतेम शंभर ग्रॅम उतरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या बायकांसाठी पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० उष्मांक जास्तीचे खावेत असं सांगितलं आहे.

म्हणजे ‘अंगावर पाज, आपोआप बारीक होशील’ हे खरं किती? महिन्याला अर्धा-पाऊण किलो एवढं खरं. तेही जेवण गरजेपुरतं असेल तर आणि बाळ पूर्ण अंगावर असेल तर. पाजल्याने भूकही वाढते, झोप मोडते, चालणं-फिरणं थांबतं. त्यामुळे कित्येकींचं वजन पाजत असतानाही जागचं हलत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. पाजण्याचे आईला मिळणारे मोठे फायदे वेगळेच आहेत. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पुढे मधुमेह होण्याची शक्यताही घटते. बारीक होण्यासाठी म्हणून पाजायला बसलेली बाई दोन महिन्यांत निराश होते आणि पाजणं सोडते, हे फार वाईट.

आता खुराकाकडे येऊ. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खारीक-खोबरं-गोडंबी, अळिवाची खीर, शेपूची भाजी, जेवणानंतर ओवा-बाळंतशोपा. हा खुराक ज्यांनी ठरवला त्यांनी बाळंतीण बारीकच असायची, अंगात रक्त कमीच असायचं, हे पाहून ठरवला. त्याची थट्टा करू नये. शेपू, अळीव, खारीक, डाळी चांगल्याच आहेत. चूक आहे ती मापात आणि त्याहून जास्त वेळेत.

आधी माप. घरचा डिंकाचा लाडू मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. बोरापेक्षा मोठा, लिंबापेक्षा किंचित मोठाच, बरोबर ५० ग्रॅम भरला. तूप, गूळ, खोबरं आणि डिंक धरून त्यात अडीचशेच्या आसपास उष्मांक येतात. सकाळी एक, दुपारी एक, रात्री दुधाबरोबर एक, असे तीन झाले की दिवसभराची सगळी जास्तीची गरज लाडवांतच भागली. वर भातावर तुपाची धार, खीर, शिरा. आणि बाळंतीण बाजेवरून उठायची नाही. मग सव्वा महिन्यात दोन-तीन किलो वाढले तर नवल नाही. दूध त्याने वाढत नाही. दूध वाढतं ते बाळाने ओढण्याने. बाळ जितक्या वेळा नीट तोंड लावून ओढेल, रात्रीचं धरून दिवसाकाठी आठ ते बारा वेळा, तितकं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवण्याचा निरोप देणारं संप्रेरक, जास्त सुटतं.

आता वेळ. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे आहे. खुराक सव्वा महिन्यात संपतो. दूध मात्र तेव्हाच कुठे पूर्ण भरात आलेलं असतं आणि पुढे पाच महिने भरात राहणार असतं. सव्वा महिना झाला, न्हाऊन-माखून ओटी भरून लेक सासरी आली, की तिसऱ्या दिवसापासून तिचं ताट घरातल्या सगळ्यांसारखं होतं. बहुधा सगळ्यांच्या नंतरचं. ज्या दिवसांत गरज सर्वांत जास्त, त्या दिवसांत जास्तीचं काहीच नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करावी. रोज तीन लाडू चाळीस दिवस म्हणजे १२० लाडू झाले. तेच १२० लाडू रोज एक याप्रमाणे चार महिने पुरतात. खर्च तोच, डिंक-खोबरं तेच. हिवाळ्यात ते टिकतात. उन्हाळ्यात खवट होऊ नयेत म्हणून थोडे थोडे करावेत. माहेरहून डबा भरून द्यायचा तो सव्वा महिना झाल्यानंतरच्या दिवसांसाठी द्यावा.

लाडू परवडत नसतील तरी अडत नाही. नेहमीच्या जेवणावर ज्वारीची एक मोठी भाकर, वाटीभर घट्ट वरण, एक पेला गाईचं दूध आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्याने ६०० उष्मांक भरतात आणि प्रथिनंही पुरतात. प्रथिनं म्हणजे अंग बांधणारा, झीज भरून काढणारा अन्नाचा भाग. सोबत मेथी, पालक, शेपू, चवळीची पालेभाजी आणि मिळेल ते फळ. पालेभाजी थंड, फळ थंड, कडधान्य वातूळ म्हणून तीन महिने बाळंतिणीला नुसत्या वरणभातावर ठेवतात, ते सोडावं. बाळाचं पोट दुखतं ते बहुतेक वेळा आईने खाल्लेल्या मटकीमुळे नव्हे. मांसाहारी घरात अंडी, मटणाचा रस्सा, मासे जरूर द्यावेत. शाकाहारी बाईला ब-१२ जीवनसत्त्वाची चणचण असते आणि ते दुधातूनही बाळाला कमी मिळतं, म्हणून दूध-दही-ताक चुकवू नये आणि डॉक्टरांना त्याबद्दल विचारावं.

आशाताईच्या तक्त्यातला आईसाठीचा पहिला प्रश्न कोणता असतो ठाऊक आहे? चोवीस तासांत आई पोटभर किती वेळा जेवते. चारपेक्षा कमी असेल तर घरच्यांना समजावून सांगायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. हा प्रश्न विचारला गेला की उत्तर सासू देते, ‘खाती की चांगलं’. उत्तर बाळंतिणीला देऊ द्यावं.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. दोन्ही एकदम घेऊ नयेत, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी घेतल्यावर लगेच चहाही पिऊ नये. अंगणवाडीतून स्तनदा मातेला, म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईला, सहा महिने घरपोच आहार मिळतो. तो आणून घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, हे आपण सगळे जाणतो. त्यावर नाव आईचं आहे.

आता काटा. घरात किंवा अंगणवाडीत उभं राहायचा काटा असतो. तो सपाट, टणक फरशीवर ठेवावा. सारवलेल्या, उंचसखल जमिनीवर किंवा सतरंजीवर ठेवला की आकडा चुकतो. चढण्याआधी तो शून्यावर आहे का पाहावं. शंका असेल तर दुकानातली न फोडलेली दहा किलोंची पिठाची पिशवी ठेवून पाहावी. सकाळी, शौच-लघवी झाल्यावर, चहाआधी, हलक्या कपड्यांत वजन करावं. साडीचंच अर्धा-पाऊण किलो होतं, म्हणून दर वेळी साधारण सारख्याच कपड्यांत. दर वेळी काटाही तोच. महिन्यातून एकदा पुरे. रोज चढून जीवाला घोर लावून घेऊ नये, पाणी-जेवणानेच किलोभर इकडेतिकडे होतं.

आकडा वाचायचा कसा, ते एका गल्लीतल्या दोघींवरून पाहू. समजा पहिली ४८ किलोंची होती. नऊ महिन्यांत ५८ झाली. बाळंतपणात साडेपाच गेले, पंधरवड्यात दोन गेले, राहिली साडेपन्नासवर. म्हणजे आधीपेक्षा अडीच किलो जास्त. महिन्याला अर्धा किलो या चालीने बाळ पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत ती पुन्हा ४८वर येईल. तिने काहीही खास करायची गरज नाही.

दुसरी ४२ किलोंची होती, ५० झाली. तेच साडेपाच आणि दोन वजा केले की पंधराव्या दिवशीच ती साडेबेचाळीसवर. साठा संपलेला. हिचं वजन यापुढे उतरलं तर ते मांसातून आणि ताकदीतून उतरणार. दूध हिलाही येईल. निसर्ग बाळाच्या दुधाला सहसा हात लावत नाही, आईचं अंग झिजवतो. लोक म्हणतील, ‘बघा, कशी लवकर सडपातळ झाली.’ चाळीस किलोंना टेकलेल्या बाईला हे कौतुक वाटेल असं बोलू नये.

ढोबळ मानाने पाच फूट उंचीच्या बाईचं वजन ४३ किलोंच्या खाली गेलं तर तिला अशक्त धरतात आणि ५८च्या वर गेलं तर ते जास्त. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायकांत सुमारे २१ अशक्त गटात होत्या आणि सुमारे २३ जास्त वजनाच्या. म्हणजे दोघीही आपल्या गल्लीत आहेत. एकच सल्ला दोघींना देता येत नाही.

दोन-अडीच महिन्यांनंतरचा टप्पा शेताचा. आपल्या भोकरदन भागात कापूस, मका, सोयाबीन, मिरची. तोडणी-वेचणीला माणूस मिळत नाही आणि घरची सून बसून कशी राहणार, म्हणून ती बाळ सासूजवळ ठेवून रानात जाते. सकाळी आठला गेली की दुपारपर्यंत पाजणं नाही. बाळ रडतं, सासू वरचं दूध सुरू करते. बाटली आली की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध आटतं. ‘हिला दूधच नव्हतं’ असं महिन्याभराने सगळे म्हणतात.

शक्य असेल तर सहा महिने होईपर्यंत रानातलं काम जवळच्या वावरातलं आणि अर्ध्या दिवसाचं ठेवावं. जायचंच असेल तर निघताना पोटभर पाजावं आणि हात स्वच्छ धुऊन स्वच्छ भांड्यात दूध पिळून झाकून ठेवावं. सावलीच्या गार जागी ते चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरावं. द्यायचं ते वाटी-चमच्याने. बाळाला दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि काट्यावर वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे.

आणि तिचा डबा. रानातल्या कामाचे उष्मांक दुधाच्या उष्मांकांत मिळवावेत. दोन भाकरी आणि ठेचा यावर हे दोन्ही होत नाही.

ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी केव्हा सुरुवात करावी? चालणं पहिल्या आठवड्यापासून, घरातल्या घरात, झेपेल तसं. सव्वा महिना बाजेवर पडून राहणं औषध नाही. खालच्या अंगाचे स्नायू आवळून-सोडून करायचा व्यायामही लवकर सुरू करता येतो. लघवी धरून ठेवताना जे आवळतो तेच स्नायू. हंडा, पोतं, पोटाचे जोरकस व्यायाम सहा आठवड्यांनंतर, सिझर असेल तर डॉक्टरांना विचारून. उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल तर मधले स्नायू फाकलेले आहेत. तेव्हा झोपून उठण्याचे पोटाचे व्यायाम करू नयेत, आधी डॉक्टरांना दाखवावं.

जेवण तोडू नये. दोन महिन्यांनंतर, दूध बसल्यावर, तूप-साखर-तळण कमी करून आणि रोज अर्धा तास चालून आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर दुधाला काही होत नाही. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे कडक उपवास या काळात बाजूला ठेवावेत. बाजारातली बारीक होण्याची पावडर, चहा, काढे घेऊ नयेत, त्यातलं काय दुधात उतरेल सांगता येत नाही.

कधीकधी वजनामागे आजार असतो. खाऊनही भराभर उतरतं आहे, छाती धडधडते, हात थरथरतात, किंवा उलट चौथ्या-पाचव्या महिन्यात अंग सुजल्यासारखं, सुस्त, केस झडतात आणि वजन वाढतं, तर थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, तपासून घ्यावी. बाळंतपणानंतर ती बिघडू शकते. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप आणि वजन घटतं आहे, तर क्षयाची तपासणी. आणि जी जेवत नाही, बाळाकडे बघत नाही, कारण नसताना रडते, तिला ‘नखरे’ म्हणू नये. तो मनाचा आजार आहे आणि बरा होतो.

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला वरचं अन्न सुरू होतं, पाजणं दोन वर्षांपर्यंत चालू राहतं. आईची गरज थोडीच कमी होते, म्हणून ताट एकदम अर्धं करू नये. दूध पूर्ण सुटल्यावर मात्र जास्तीचा घास थांबवावा. सवयीने तो चालूच राहतो आणि कित्येकींचं वजन इथे वाढतं. दोन बाळंतपणांत अंतर कमी पडलं तरी तेच होतं. एकीचे उरलेले तीन किलो दुसऱ्या खेपेला सहा होतात, दुसरीचा न भरलेला खड्डा आणखी खोल जातो. म्हणून तीन वर्षांचं अंतर ठेवावं. तांबी बसवता येते. ‘अंतरा’ इंजेक्शनही सहा आठवड्यांनंतर चालतं, दुधाला त्याने बाधा नाही. काहींचं वजन त्याने वाढतं, म्हणून घेण्याआधी परिचारिकेशी बोलावं.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई शेवटच्या भेटीला येईल. बाळाचं वजन झालं की आपल्या बाळंतिणीलाही अंगणवाडीच्या काट्यावर न्यावं, आणि तो आकडा कार्डावर बाळाच्या आकड्याशेजारी पेनाने लिहावा.